वेगवेगळे स्क्रीन की एकच?

ऑनलाइन कौटुंबिक थेरपीच्या सत्राला घरातल्या तिघांनी तीन खोल्यांतून, आपापल्या फोनवरून बसलं तर चालेल का, असं एकाने विचारलंय. चालतं. पण शक्य असेल तर कॅमेरा थोडा लांब ठेवून एकाच खोलीत बसा, असं मी आग्रहाने सांगेन. कौटुंबिक थेरपीत एकेका माणसापेक्षा माणसांमधलं नातं पाहिलं जातं. कौटुंबिक थेरपीतले एक नामवंत थेरपिस्ट साल्वादोर मिनुचिन यांच्या स्ट्रक्चरल, म्हणजे कुटुंबाची रचना पाहणाऱ्या पद्धतीत तर कोण कोणाशेजारी बसतं, कोण कोणाच्या वतीने उत्तर देतं, यालाही महत्त्व आहे. वेगळ्या चौकटींत यातलं बरंच हरवतं. सतत आवाज चढत असेल तर मात्र वेगळे स्क्रीन बरे.

थेरपिस्ट निवडताना कुटुंबांसोबत काम करण्याचं स्वतंत्र प्रशिक्षण आहे का, हे विचाराच. एकट्या व्यक्तीचं समुपदेशन उत्तम करणाऱ्याला हे जमेलच असं नाही. आणि कोणी एकाने मागून थेरपिस्टला मेसेज करून काही सांगितलं, तर ते बाकीच्यांना कळणार का? काही थेरपिस्ट अशी गुपितं ठेवतच नाहीत. हे पहिल्याच भेटीत सगळ्यांसमोर ठरू द्या. कोणी परदेशातून जोडलं जाणार असेल तर तेही आधी सांगा, कारण अनेक ठिकाणी परवान्याचे नियम क्लायंट जिथे बसलाय तिथले लागतात.

घरात मारहाण किंवा धाक असेल तर कृपया एकत्र सत्राने सुरुवात करू नका. ज्याला भीती वाटते त्याने आधी एकट्याने, सुरक्षित जागेवरून बोलावं. कॉल बंद झाल्यावर काय होतं, ते थेरपिस्टला दिसत नाही.