मदत हवी आहे: रेंज नसलेल्या शाळेत टीव्हीवर पाठ कसे दाखवायचे?

नमस्कार. पाटण तालुक्यात, कोयना खोऱ्यात आमची पहिली ते चौथीची द्विशिक्षकी शाळा आहे. गावाने वर्गणी काढून टीव्ही दिला, पण पावसाळ्यात रेंज गेली की दिवसदिवस येत नाही. बालभारतीच्या पुस्तकातल्या क्यूआर कोडवर बोट ठेवून मुलं म्हणतात, "बाई, हे लावा ना!" नाही म्हणताना जीव तुटतो.

हे कोड ज्यावर उघडतात त्या सरकारी दीक्षा ॲपवरचे पाठ साताऱ्याला गेले की मोबाइलवर उतरवून आणते. पण ते ॲपमध्येच उघडतात, पेनड्राइव्हवरून टीव्हीवर लागत नाहीत. कोलिब्री हे पाठ दाखवणारं मोफत सॉफ्टवेअर इंटरनेटशिवाय चालतं, रास्पबेरी पाय या तळहाताएवढ्या छोट्या संगणकावरसुद्धा. कुणी शाळेत बसवलंय का? मराठी व्हिडिओ त्यात कसे भरायचे?

आमचे गुरुजी निवृत्तीला आलेत, पण शिकायची हौस दांडगी. मी रजेवर असले तरी त्यांना एकट्याने चालवता यावं, अशी सोपी पद्धत सांगा.