फुकट तपासणीचा तोटा
मोफत तपासणी शिबिरांबद्दल ‘फुकटात तपासून देतायत, तोटा काय?’ असं कोणीतरी विचारलंय. आमच्या ऐरोलीच्या सोसायटीत एका लॅबचं शिबिर झालं. शेजारच्या काकूंच्या थायरॉइडमध्ये गाठ दिसली. हातात चिठ्ठी दिली, पुढे कुठे जायचं ते कोणी सांगेना. दोन महिने झोप उडाली. सुई टाकून तपासल्यावर गाठ साधीच निघाली. दक्षिण कोरियात सरसकट सोनोग्राफीमुळे १९९३ ते २०११ मध्ये थायरॉइड कॅन्सरचं निदान पंधरा पट वाढलं, मृत्यू मात्र होते तेवढेच. निदानानंतर उपचाराची सोय हवी, हे जागतिक आरोग्य संघटनेसाठी अशा तपासण्यांचे निकष ठरवणाऱ्या विल्सन-युंगनर यांनी १९६८ सालीच लिहून ठेवलंय. आमच्याकडे सोय होती ती वडापावची. बीपी-शुगर तपासायला माझी हरकत नाही, त्याची औषधं पालिकेच्या दवाखान्यात मिळतात. पण संमती म्हणून जी सही घेतली ती बहुधा मोबाइल नंबरासाठीच, अजून लॅबच्या तपासणी पॅकेजचे फोन येतायत.