मदत हवी आहे: विंडो मॅनेजरची फाइलसिस्टीम कमी करायला गेलो, शॉर्टकट बंद पडले

खिडकीवाला (धागाकर्ता)
माझा विंडो मॅनेजर (खिडक्या मांडणारा प्रोग्राम) सेटिंग फाइली म्हणून दाखवतो. त्यातल्या टॅगरूल्स आणि कॉलरूल्स (कुठली खिडकी कुठल्या टॅगवर, म्हणजे डेस्कटॉपवर, आणि रकाने किती रुंद, याचे नियम) काढून एकच रूल्स फाइल केली, ते झकास चाललं. मग कीज फाइलही (शॉर्टकटच्या कळांची यादी) उडवली आणि तिचं काम सीटीएल या आज्ञा द्यायच्या फाइलीत घातलं. तेव्हापासून शॉर्टकट बंद. इव्हेंट फाइल (काय घडतंय त्याची नोंद) वाचत बसलो तर माऊसने टॅग बदलल्याचं दिसतं, कळांचा पत्ता नाही. उद्या हाच लॅपटॉप अंधेरीला ऑफिसात न्यायचाय. लवकर सांगा कोणीतरी.

टर्मिनलमास्तर
कुठला विंडो मॅनेजर? कुठली आवृत्ती? एरर काय येतो?

खिडकीवाला
अहो, टॅगरूल्स म्हटल्यावर दुसरा कुठला असणार? डब्ल्यूएमआयआय, ३.९ वरून काढलेला माझा फोर्क, म्हणजे मी बदललेली प्रत. एरर काही नाही.

पवईकर
अजून त्यातच आहात? आय-थ्री हा दुसरा विंडो मॅनेजर घ्या. २००९ साली तो सुरूच झाला डब्ल्यूएमआयआयला वैतागून. सॉकेटवर (प्रोग्रामशी बोलायच्या वाटेवर) आज्ञा पाठवा, जेसन या ठरावीक मजकूर-साच्यात उत्तर घ्या, विषय संपला.

लालबागचा_रूट
विषय कसला संपला? तुमच्या जेसनसाठी आधी पार्सर, म्हणजे ते उलगडून वाचणारा प्रोग्राम, शोधा. इथे साध्या शेलमधून (टर्मिनलच्या आज्ञांनी) वाचता-लिहिता येतं. प्लॅन नाइन या ऑपरेटिंग सिस्टीमवाल्यांनी सगळं फाइल म्हणून मांडलं ते उगाच नाही. आणि त्यांना फोर्क दुरुस्त करायचाय, घर बदलायचं नाहीये.

पवईकर
मग डीडब्ल्यूएम घ्या. फाइलसिस्टीमच नाही. कॉन्फिग-डॉट-एच ही सेटिंगची फाइल बदला, कंपाइल करा.

काकू_कर्नलवाल्या
खिडकीवाला, एकही कळ चालत नाही, की काही चालतात? आणि डब्ल्यूएमआयआयआरसी, म्हणजे सुरुवातीला चालणारी सेटिंगची स्क्रिप्ट, शेलमधली की पायथनमधली?

खिडकीवाला
शेलमधली. आत्ता नीट बघितलं, यादीतली शेवटची तेवढी चालते. पण ती कधी वापरतच नाही. यादी पाइपने सीटीएलला देतो, प्रत्येक ओळीच्या आधी "कीज" शब्द लावून.

निशाचर_ठाणे
अवांतर: कॅप्स लॉकची कंट्रोल कळ करून टाका, मनगटाला आराम. मी सेटएक्सकेबीमॅप या कीबोर्डच्या आज्ञेने केलंय.

काकू_कर्नलवाल्या
मग दुखणं सापडलं. मूळ कोडमध्ये कीज फाइलीत लिहिलेलं नुसतं साठत जातं आणि फाइल बंद झाली, म्हणजे क्लंक आला, की सगळी यादी एकदम लागू होते. सीटीएल तशी नाही. ती प्रत्येक राइट ओळी-ओळीने तोडून लगेच अमलात आणते. तुमची प्रत्येक ओळ आधीची यादी पुसून स्वतःला बसवतेय. उरते ती शेवटची.
उडप्याकडे भिंतीवरचा फळा वेगळा आणि वेटरला सांगितलेली ऑर्डर वेगळी. कीज हा फळा आहे, सीटीएल म्हणजे ऑर्डर. पूर्ण यादी बदलायची असेल तर तिला स्वतंत्र फाइलच हवी. तुमची रूल्स चालली ती म्हणूनच. दोन फळे एक केलेत, फळ्याची ऑर्डर नाही केलीत.

लालबागचा_रूट
काकूंशी सहमत. फाइली मोजून इंटरफेस सोपा होत नसतो.

टर्मिनलमास्तर
थोडा असहमत. सीटीएलमध्ये "कळ जोड" आणि "कळ काढ" अशा दोन आज्ञा ठेवा, फाइल लागणार नाही.

काकू_कर्नलवाल्या
आणि आत्ता कुठल्या कळा पकडल्यात ते वाचायचं कुठून? आज कीज नुसती वाचली की कळतं. स्क्रिप्ट मध्येच मेली तर अर्ध्या कळा लटकणार त्या वेगळ्याच.

टर्मिनलमास्तर
सीटीएल वाचली की बाकीच्या सेटिंग दिसतातच की. त्यात कळा दाखवा.

लालबागचा_रूट
म्हणजे बॉर्डर, फॉन्ट, रंगांच्या खाली कळांचं शेपूट. याला सोपं म्हणायचं?

जुईनगर_जंक्शन
अवांतर: बारमध्ये (पडद्यावरच्या पट्टीत) मराठी तारीख लिहिली तर जोडाक्षरं फुटतात. उपाय?

पवईकर
आय-थ्री. पँगो (अक्षरं जुळवणारी लायब्ररी) वापरून फॉन्ट द्या, नीट दिसतात. आता बोला.

खिडकीवाला
कीज फाइल परत घातली, शॉर्टकट चालू झाले. काकू, धन्यवाद. आता एलबार-आरबार (बारची डावी आणि उजवी बाजू) एकत्र करायचा विचार आहे. त्यात काही अडेल का?

काकू_कर्नलवाल्या
एलबारमध्ये तुमची स्क्रिप्ट टॅगची बटणं बनवते-काढते, आरबारमध्ये स्टेटस. एकत्र केल्यावर क्लिक कुठल्या बाजूला झाली ते इव्हेंटमध्ये कसं सांगणार, ते आधी लिहा. आणि ऑफिस आटपू द्या, मग हात लावा.

जुईनगर_जंक्शन
आय-थ्री सोडून काही आहे का?