होनोलुलूचं सेंट फ्रान्सिस हॉस्पिटल मदर मरियान यांचंच का?

रेवा_७:
हवाईत कुष्ठरोग्यांची सेवा करणाऱ्या फादर डेमियन यांच्याविषयी वाचत होते. त्यांच्यानंतर मोलोकाई बेटावरच्या कलाउपापा या कुष्ठरोग्यांच्या वसाहतीत मदर मरियान कोप आल्या, एवढाच उल्लेख सापडला. होनोलुलूतलं सेंट फ्रान्सिस हॉस्पिटल त्यांनीच काढलं का? आता ते आहे का?

निवृत्त_मेट्रन:
‘त्यांच्यानंतर’ वाचून राहवलं नाही. फादर गेले एप्रिल १८८९ मध्ये. मदर कलाउपापात नोव्हेंबर १८८८ मध्येच पोचल्या होत्या, आणि हवाईत तर १८८३ पासून होत्या. अमेरिकेतल्या सिराक्यूजच्या सेंट जोसेफ हॉस्पिटलचा कारभार सांभाळलेली बाई ती. हवाईतल्या कुष्ठरोग्यांच्या सेवेला पन्नासावर धर्मसंघांनी नाही म्हटलं, तेव्हा आपल्या संघातल्या सहा सिस्टर (जोगिणी) घेऊन निघाली.

होनोलुलूतल्या काकाआकोच्या कुष्ठरोग रुग्णालयात सरकारी व्यवस्थापक रुग्णांना छळायचा. मदरनी सरकारला स्पष्ट सांगितलं, याला काढा, नाहीतर आम्ही परत जातो. त्याला काढलं आणि रुग्णालय त्यांच्या हाती आलं. १८८४ मध्ये माऊई बेटावर त्यांनी सामान्य रुग्णालयही उभं केलं.

मी बरीच वर्षं कुष्ठरोग वॉर्डात काढली आहेत, म्हणून सांगते. तळपाय बधिर असतो. खडा रुतला तरी रुग्णाला कळत नाही, जखम चिघळून वास सुटल्यावर कळतं. रोज पट्टी सोडायची, जखम धुवायची, तळवा निरखून बघायचा, पुन्हा बांधायचं. हे काम नुसत्या दयेवर होत नाही, त्याला शिस्त लागते. प्रत्येक रुग्णाआधी आणि नंतर हात धुवायचे, हा मदरचा दंडक होता. डॉक्टर हानसेनना कुष्ठरोगाचा जंतू सापडून तेव्हा दहाच वर्षं झाली होती! एकाही सिस्टरला हा रोग होणार नाही, असं त्यांनी सांगितलं होतं, आणि झालाही नाही. लोक याला चमत्कार म्हणतात. मला त्यात उत्तम नर्सिंग दिसतं.

मदर १९१८ मध्ये वारल्या. लिलिहा भागातलं सेंट फ्रान्सिस १९२७ चं, म्हणजे त्यांच्या संघातल्या सिस्टरांनी पुढे काढलेलं.

बेटवाटा:
पुढचं मी सांगतो. १९९० मध्ये एवा भागात दुसरं रुग्णालय झालं. २००७ मध्ये दोन्ही विकली, नाव पडलं हवाई मेडिकल सेंटर. २०११ च्या अखेरीस दोन्ही बंद. लिलिहाचं बंद झालं तेव्हा हवाईतलं एकमेव अवयव प्रत्यारोपण केंद्रही गेलं. किडनीसाठी थांबलेल्या माणसाने काय करायचं? मुख्य भूमी जवळजवळ ३,९०० किलोमीटर लांब! क्वीन्स रुग्णालयाने २०१२ मध्ये ते काम हाती घेतलं आणि २०१४ मध्ये एवाची इमारतही पुन्हा सुरू केली.

रेवा_७:
मग सिस्टरांचं काहीच उरलं नाही का?

निवृत्त_मेट्रन:
उरलं तर! हवाईतला पहिला हॉस्पिस, म्हणजे बरे न होणाऱ्या रुग्णांची अखेरपर्यंत काळजी घेणारी सेवा, त्यांनी १९७८ मध्ये सुरू केला होता, तो विक्रीत गेला नाही. लिलिहाची जागाही सिस्टरांच्या संस्थेकडे परत आली, तिथे वृद्धांची शुश्रूषा होते. माझ्या मते हेच त्यांचं मूळ काम. बरा होणार नाही म्हणून ज्याला इतरांनी सोडलं, त्याची रोजची पट्टी करायची.