डॉक्टरांची असोसिएशन नक्की कशासाठी असते? तक्रार तिथं करायची का?

पंचगंगाकाठ
मंडळी जरा मदत करा. मागच्या महिन्यात वडिलांना ॲडमिट केलेलं, हॉस्पिटलचं नाव नको, आता बरे आहेत. पण दुसऱ्या डॉक्टरांना दाखवायचं म्हणून केसपेपरची झेरॉक्स मागतोय तर तीन आठवडे उद्या या परवा या चाललंय, आणि डिस्चार्ज कार्डावर दोनच ओळी, त्यापण वाचता येत नाहीत. शेजारचे काका म्हणतात डॉक्टरांच्या असोसिएशनला अर्ज दे, ते लायसन काढून घेतील. मित्र म्हणतो अरे ती त्यांचीच युनियन, तुझं कोण ऐकणार. कुणाचं खरं?

जीपी_राजारामपुरी
दादा, लायसनचं काम असोसिएशनचं नाहीच. रजिस्ट्रेशन देणं आणि चुकलं तर ते सस्पेंड करणं हे महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल करतं, ते मुंबईला आहे आणि कायद्यानं बनलेलं आहे. आयएमए (इंडियन मेडिकल असोसिएशन) किंवा आपली केएमए (कोल्हापूर मेडिकल असोसिएशन) या डॉक्टरांनी स्वतःहून काढलेल्या संघटना, मेंबर व्हायचं की नाही ते ज्याचं त्यानं ठरवायचं. मी मेंबर आहे, पण मेंबर नसतो तरी माझी प्रॅक्टिस चाललीच असती.

तुमचं काम मात्र सोपं आहे. तोंडी मागू नका. साध्या कागदावर अर्ज लिहा, पेशंटचं नाव, ॲडमिट-डिस्चार्जची तारीख घाला, पेशंट वडील आहेत तर सही त्यांची घ्या आणि दुसऱ्या कॉपीवर हॉस्पिटलचा शिक्का आणि तारीख मारून घ्या. डॉक्टरांच्या आचारसंहितेच्या २००२ च्या नियमात स्पष्ट आहे, अर्ज दिल्यापासून ७२ तासांत कागद द्यायचे. तो शिक्का हातात असला की पुढचं सगळं सोपं जातं. डॉक्टर म्हणून मला वाईट वाटतं की यासाठी तुम्हाला तीन आठवडे हेलपाटे घालावे लागले.

जुना_शाहूपुरीकर
युनियन म्हणून सोडून देऊ नका हो, त्यामागं इतिहास आहे. इंग्रजांच्या काळात वरच्या जागा इंडियन मेडिकल सर्व्हिसच्या गोऱ्या अधिकाऱ्यांकडं आणि संघटना म्हणाल तर ब्रिटिश मेडिकल असोसिएशनच्या शाखा, मग आपल्या डॉक्टरांनी जायचं कुठं? म्हणून १९२८ ला कलकत्त्याच्या परिषदेत आपली स्वतःची असोसिएशन काढली, तीच ही आयएमए, निलरतन सरकार, बिधानचंद्र रॉय, डॉ. अन्सारी अशी माणसं होती त्यात, स्वातंत्र्याच्या चळवळीतली. रॉय पुढं पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री झाले, १ जुलैचा डॉक्टर्स डे त्यांच्याच नावानं.

आणि २०१९ च्या महापुरात आमच्या गल्लीत पाणी उतरल्यावर गुडघाभर चिखलातनं डॉक्टर आले होते, मंगल कार्यालयाच्या पायरीवर गोळ्यांचे बॉक्स मांडून बसले. लेप्टोची (पुराच्या घाण पाण्यातनं होणाऱ्या तापाची) गोळी कुणी घ्यायची कधी घ्यायची हे एकेका म्हातारीला चारचारदा सांगत होते. ते मी विसरणार नाही.

शेंडापार्क_इंटर्न
एक ॲड करते. डॉक्टर बीएएमएस म्हणजे आयुर्वेदाचे असतील तर त्यांचं कौन्सिल वेगळं, महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिन. आणि पैशाची नुकसानभरपाई हवी असेल तर कौन्सिल देत नाही, त्याला ग्राहक आयोग. हा निकालही आयएमएच्याच केसमधला, १९९५ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं की फी घेऊन केलेले उपचार ग्राहक कायद्यात येतात. असोसिएशन तिथं विरोधात लढली आणि हरली, मला वाटतं पेशंटसाठी ते बरंच झालं.

कोल्हापूरचा विषय निघालाय म्हणून सांगते, आनंदीबाई जोशींना १८८६ ला नेमणूक मिळाली ती इथल्याच अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलच्या बायकांच्या वॉर्डवर, म्हणजे आपला थोरला दवाखाना, सीपीआर. तब्येतीनं साथ दिली नाही, फेब्रुवारी १८८७ मध्ये पुण्यात वारल्या. सीपीआरच्या गेटातनं आत जाताना मला दरवेळी त्या आठवतात.

पंचगंगाकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार. सकाळी वडिलांची सही घेऊन अर्ज दिला. काउंटरवरची बाई शिक्का नाही म्हणाली, मी ७२ तासांचा नियम सांगितला तर आतनं मॅनेजर आले, शिक्का मारला आणि शनिवारी या म्हणाले. कॉपी पिशवीत ठेवलीय. शनिवारी जाऊन आलो की इथंच लिहितो.