‘कालिया मर्दन’मधल्या झुंजीला जुनी गाणी लावायची आहेत, लय बसेना

पंचगंगाकाठ
मंडळाच्या कार्यक्रमात फाळक्यांच्या ‘कालिया मर्दन’ या मूकपटातला (१९१९) डोहातल्या झुंजीचा चार मिनिटांचा तुकडा दाखवायचा आहे. सोबत आधीच रेकॉर्ड झालेली गाणीच वापरायची: एक जुनं भजन आणि कुस्तीच्या मैदानातली हलगी. क्लिप सेकंदाला २४ फ्रेमची आहे, त्यात माणसं दुडदुडत पळतात. भजनाचा टेम्पो सॉफ्टवेअरनं मिनिटाला ९० मात्रा दाखवला, तसा ग्रिड (समान अंतरावरच्या खुणा) लावला. मुखडा जुळतो, अंतऱ्यात सगळं घसरतं. हलगी १५ टक्के संथ केली तर ठोका बसका येतो. काय चुकतंय?

दोन_आणे_तिकीट
आधी चित्र सुधारा. कॅमेरा हातानं फिरवलेला, साधारण १६ ते २० फ्रेमचा. १६ चं चित्र २४ वर चालवलं की दीडपट धावणारच. स्पीड ६६.६७ टक्के करा, १८ धरत असाल तर ७५. खरा वेग कोणता, ते चालणाऱ्या माणसाकडं आणि उडणाऱ्या पाण्याकडं बघून ठरवा. फ्रेम ब्लेंडिंग (शेजारच्या फ्रेम एकमेकींत मिसळणं) बंद ठेवा, नाहीतर कालियाच्या अंगाभोवती भुतासारख्या सावल्या येतात. हे होईपर्यंत गाण्याला हात लावू नका, कारण १६ धरलंत तर चार मिनिटांचे सहा होतात आणि मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या दहा इंची तबकडीची एक बाजू तीन-सव्वातीन मिनिटांतच संपते.

समेवर_या
ग्रिडचं गणित बरोबर आहे: २४ × ६० ÷ ९०, म्हणजे मात्रेला १६ फ्रेम. पण जुनी मंडळी क्लिक ट्रॅकवर (कानात चालणाऱ्या एकसारख्या ठोक्यावर) वाजवत नव्हती, अंतऱ्याला लय चढतेच. मात्रेमागं अर्धी फ्रेम सरकली तरी आठ मात्रांच्या केरव्याच्या चार आवर्तनांत अख्खी मात्रा गेली. ग्रिड काढून टाका आणि गाणं चालू असताना प्रत्येक समेवर (आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर) हातानं मार्कर मारा. तोडायचं तर समेपासून समेपर्यंतच, ठोक्याच्या किंचित आधी, १०-१५ मिलिसेकंदांचा क्रॉसफेड (एक आवाज उतरत दुसरा चढणं) देऊन.

चित्रातले दोनच क्षण समेवर बसवा: कृष्णाची उडी आणि पाण्यातून वर येणं. प्रत्येक कट तालावर आणला की साबणाची जाहिरात होते. ठोका चित्रामागं एक फ्रेम राहिला तर चालतो, पुढं गेला की लगेच खटकतो.

हलगी बसकी होते ती टाइम-स्ट्रेचमुळं (सूर तोच ठेवून आवाज लांबवण्यामुळं). ठोक्याचा सुरुवातीचा कडक भाग पसरतो. तीन-चार टक्क्यांपलीकडं जाऊ नका. त्याहून संथ हवीच असेल तर टेप हळू फिरवल्यासारखी सुरासकट उतरवा. १५ टक्क्यांना सूर जवळपास तीन अर्धस्वर खाली येतो, पण हलगीला चालतं. भजनाला अजिबात नको, गायकाचा आवाज घोगरा होतो.

खासबाग_गेट
झुंजीवर हलगी नकोच, भावा! कोल्हापुरात हलगी वाजली की लोकांना लाल माती दिसते, डोह दिसत नाही. तिथं भजन लावा.

हा प्रसंग पाण्याखालची झुंज आणि काठावरचा आक्रोश असा आलटून पालटून येतो. प्रत्येक कटला गाणं बदलू नका. एकच भजन सलग चालू दे. काठावर पूर्ण आवाज, पाण्याखाली फिल्टरनं ४०० हर्ट्झच्या वरचं कापून. हलगी शेवटी, वर आल्यावर. मूकपटातली मजकुराची पाटी पडद्यावर असताना गाण्यात शब्द नकोत, लोक वाचू की ऐकू करतात. तिथं मधला म्युझिक पीस सरकवा. आणि भजन संपल्यावर खरखर एकदम तुटली तर कानाला भोक पडल्यासारखं वाटतं. तबकडीच्या सुरुवातीची दोन-तीन सेकंदांची नुसती खरखर घेऊन हलगीखाली लूप करा.

दोन_आणे_तिकीट
हक्कांचंही बघून घ्या. रेकॉर्डिंगचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षं, शब्द आणि चालीचा कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. भजन पारंपरिक असलं तरी रेकॉर्डिंग वेगळं धरलं जातं. हॉलमध्ये गाणी वाजवायचा परवाना काढलात म्हणून ती चित्राला जोडायची परवानगी मिळत नाही.
स्पीकर वायरनं जोडा, ब्लूटूथवर आवाज सहज चार-पाच फ्रेम मागं पडतो.

पंचगंगाकाठ
१८ धरून चाल बरी दिसते. पाण्याखालून काठावर येताना तो फिल्टर एकदम उघडू का?

खासबाग_गेट
नको, टक् असा आवाज येईल. सहा-आठ फ्रेममध्ये उघडा, कटच्या दोन फ्रेम आधी सुरू करून.