तह, युती की संश्रय?

प्रश्न : युद्ध चालू असताना तिसऱ्या राष्ट्राशी हातमिळवणी झाली, तर तिला ‘तह’ म्हणावं का? एका अनुवादात सरसकट ‘तह’च वाचला.

– नको. तह लढणाऱ्यांमध्ये होतो. पुरंदरच्या तहात (१६६५) महाराजांनी मोगलांना २३ किल्ले दिले. तिसऱ्याविरुद्ध एकत्र येणं म्हणजे युती.

– मग वसईचा तह? ३१ डिसेंबर १८०२ला दुसरा बाजीराव आणि इंग्रज कुठे लढत होते? हडपसरला यशवंतराव होळकरांनी पराभव केल्यावर पेशवा इंग्रजांच्या आसऱ्याला गेला होता.

– बरोबर, वरचा नियम फारच कडक झाला. ‘तह’ हे कागदाचं नाव, नातं कोणतं ते कलमांवरून ठरतं. वसईला किमान ६,००० पायदळाची तैनाती फौज पेशव्याच्या गळ्यात पडली, तिच्या खर्चासाठी २६ लाखांच्या उत्पन्नाचा मुलूख गेला, आणि इतर सत्तांशी परस्पर बोलणी करायची सोय संपली. कौटिल्याने परराष्ट्र धोरणाचे जे सहा ‘गुण’, म्हणजे मार्ग सांगितले, त्यांत (संधी, विग्रह, आसन, यान, संश्रय, द्वैधीभाव) याला चपखल शब्द आहे : संश्रय, म्हणजे बलवानाचा आसरा. त्याला युती म्हणणं म्हणजे कुळाला भागीदार म्हणण्यासारखं.

– त्यातला ‘संधी’ (म्हणजे तह) मात्र आज वापरू नका, वाचक ‘सुवर्णसंधी’ समजतो!

– ‘युती’ लिहिण्याआधीही मदतीचं कलम बघावं. इटली १८८२पासून जर्मनी-ऑस्ट्रियाच्या त्रिराष्ट्र करारात होती. पण मदतीचं बंधन सहकाऱ्यावर हल्ला झाला तर. १९१४ साली ऑस्ट्रियानेच सर्बियावर चढाई केली, तेव्हा इटली तटस्थ राहिली. पुढे २६ एप्रिल १९१५ला लंडनमध्ये गुप्त करार करून, मुलखाच्या आश्वासनावर, ती पलीकडे, ब्रिटन-फ्रान्स-रशियाच्या बाजूला गेली. युद्धात उतरायला करारात महिन्याची मुदत होती. २३ मेला ऑस्ट्रियाविरुद्ध युद्ध पुकारलं.

– १९७१चा भारत-सोव्हिएत करारही बातम्यांत ‘लष्करी युती’ होतो. नवव्या कलमात हल्ला झाल्यास वा धोका दिसल्यास तातडीने विचारविनिमय होता, फौज पाठवण्याचं बंधन नव्हतं. ‘मैत्री करार’च लिहावं. नाटोच्या पाचव्या कलमातसुद्धा प्रत्येक देश ‘आवश्यक वाटेल ती’ कृती करतो, म्हणून तिथे ‘सैन्य पाठवणे बंधनकारक’ हा अनुवाद चूक.

– आणि ‘दोस्त राष्ट्रे’ महायुद्धांपुरतंच ठेवा. एरवी ‘मित्रराष्ट्र’.

– जुन्या कागदांतला ‘वकील’ तेवढा कोर्टात उभा करू नका, तो दरबारातला राजदूत आहे.